वालुकाश्माच्या कापातून प्राचीन नद्या आणि डोंगर कसे वाचावेत : नाशिकमधून सुरुवात करणाऱ्यांसाठी

नाशिक जिल्हा जवळजवळ सबंध दख्खनच्या बेसाल्टवर वसलेला आहे, त्यामुळे वालुकाश्माचा अभ्यास करू पाहणाऱ्या इथल्या विद्यार्थ्याला घराजवळ वालुकाश्माचा कडा दिसत नाही. तरीही या अभ्यासाची सुरुवात करायला नाशिकसारखी जागा शोधून सापडणार नाही, असे मला ठामपणे वाटते. वालुकाश्म म्हणजे दगड झालेली जुनी वाळू. ती कुठल्या डोंगरातून निघाली, कोणत्या हवामानात सुटी झाली, नदीने आणली की वाऱ्याने, आणि गाडली गेल्यावर तिचे काय झाले, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून ठरवायचे असते. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि नाशिकपर्यंत येईतो तिला व तिच्या उपनद्यांना बेसाल्टखेरीज दुसरा मूळ खडक भेटत नाही. उगम आधीच ठाऊक असलेल्या अशा वाळूवर डोळा तयार झाला, की उगम ठाऊक नसलेली वाळू वाचताना आपण कुठे घसरू शकतो हे नेमके कळते.

मूळ डोंगरातले खनिज आपल्या स्लाइडपर्यंत थेट पोचत नाही, हे सुरुवातीलाच मनावर ठसवून घ्यावे. ते आधी हवामानाच्या, मग वाहतुकीच्या, मग संचयनाच्या जागेच्या आणि शेवटी खोल गाडले जाण्याच्या चाळणीतून गाळून आलेले असते. म्हणून वाचन उलट्या क्रमाने करावे लागते: सर्वांत शेवटी झालेला बदल सर्वांत आधी ओळखून बाजूला काढायचा आणि उगमाबद्दल सर्वांत शेवटी बोलायचे. नवोदितांचे बहुतेक निष्कर्ष हा क्रम उलटल्यामुळेच फसतात.

पहिली पायरी : गोदावरीची पसाभर वाळू

वाळू शहरातल्या घाटांजवळून घेऊ नये, कारण तिथे बांधकामासाठी बाहेरून आणलेली वाळू आणि खाणीतली क्रश सँड मिसळलेली असण्याची शक्यता फार. त्र्यंबकेश्वर आणि गंगापूर धरणाच्या वरच्या भागातील पात्रातून, मोकळ्या वाळूपट्ट्यावरून पसाभर वाळू पुरते. ती धुऊन, वाळवून चाळावी. वाळू म्हणजे ०.०६२५ ते २ मिलीमीटर आकाराचे कण, त्यातला ०.२५ ते ०.५ मिलीमीटरचा, म्हणजे मध्यम वाळूचा, भाग वेगळा काढून इपॉक्सीत बसवावा आणि घट्ट झाल्यावर त्याचा थिन सेक्शन, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका पातळ काप, करावा (कृती तिसऱ्या पायरीत).

सूक्ष्मदर्शकाखाली पहिल्याच दृष्टिक्षेपात बेसाल्टचे खडककण, म्हणजे अनेक खनिजे एकत्र असलेले खडकाचे तुकडे, दिसतात. प्रत्येक कणाच्या आत प्लॅजिओक्लेज या फेल्डस्पार गटातल्या खनिजाच्या बारीक, लांबट पट्ट्या आडव्यातिडव्या पसरलेल्या असतात, त्यांच्या फटींत फिकट तपकिरी ऑगाइट हे लोह-मॅग्नेशियमचे खनिज असते आणि लोह व टायटॅनियमच्या ऑक्साइडचे काळे, अपारदर्शक दाणे विखुरलेले असतात. काही कणांत मूळची काच बदलून हिरवट-तपकिरी चिकण खनिजे तयार झालेली असतात. काही कण लोहामुळे इतके तांबडे-काळे झालेले असतात की आतली रचना ओळखण्यासाठी प्रकाश वाढवावा लागतो. सुटे प्लॅजिओक्लेज आणि ऑगाइट असतात, बेसाल्टच्या पोकळ्यांतून सुटलेले तंतुमय कॅल्सेडोनी आणि झिओलाइट अधूनमधून भेटतात, आणि कंकराचे, म्हणजे मातीत तयार झालेल्या चुनखडी गाठींचे, धुरकट तपकिरी कण ओळखू यायला लागतात. क्वार्ट्झ (गारगोटीचे खनिज) मात्र अगदी क्वचित. तुमच्या स्लाइडमध्ये गोलाई आलेले क्वार्ट्झ भरपूर दिसले, तर ती वाळू या खोऱ्याची नाही असे समजून नमुना बदलावा.

आता याच वाळूची गणना करून निष्कर्ष सुप्रसिद्ध त्रिकोणी आलेखावर मांडून पाहावा. क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि खडककण अशी तीन टोके असलेला हा आलेख भूशास्त्रज्ञ डिकिन्सन आणि सुझेक यांनी १९७९ मध्ये भूपट्ट सांरचनिकीशी, म्हणजे भूपट्टांच्या हालचालींशी, जोडला. आपली वाळू खडककणांच्या टोकाजवळ पडते, आणि त्या जागी आलेखावर लिहिलेले असते ज्वालामुखी चाप, म्हणजे जिथे एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो अशा सीमेवरची ज्वालामुखी रांग. दख्खनचे बेसाल्ट तर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी खंडाच्या अंतर्भागात पसरलेल्या लाव्हाचे आहेत. इथे असा चाप कधीच नव्हता. आलेख चुकीचा नाही, पण तो ज्या प्रकारच्या वाळूंवरून बांधला गेला त्यांत खंडीय लाव्हा पठारांना स्वतंत्र घर नाही. नाशिकच्या विद्यार्थ्याला हा धडा पहिल्याच आठवड्यात मिळू शकतो, ही मला या अभ्यासातली फार मोलाची गोष्ट वाटते.

दुसरी पायरी : वालुकाश्म कुठून आणावा

सरावासाठी दगड कापणाऱ्यांकडे ‘धोलपूर’ आणि ‘जोधपूर’ या नावांनी येणाऱ्या फरशांचे टाकाऊ तुकडे मागावेत. राजस्थानातले हे क्वार्ट्झबहुल वालुकाश्म बोटाएवढ्या तुकड्यातही स्वच्छ पोत दाखवतात. त्यांचा नेमका थर मात्र माहीत नसतो, म्हणून त्यांवरून पोत शिकावा, भूशास्त्रीय निष्कर्ष काढू नयेत.

खऱ्या कामासाठी थरातून स्वतः घेतलेला नमुना लागतो. वर्धा खोऱ्यात, चंद्रपूर परिसरात गोंडवाना संघाचे, म्हणजे कोळसा असलेल्या जुन्या गाळथरांच्या गटातले, बराकर आणि कामठी वालुकाश्म आहेत. कामठी हे नावच नागपूरजवळच्या कामठीवरून पडले आहे. हीच गोदावरी खाली सिरोंच्याच्या बाजूला प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातल्या गोंडवाना थरांवरून वाहते. मध्य प्रदेशात नर्मदेच्या खोऱ्यात दख्खन बेसाल्टच्या खाली निमार वालुकाश्म उघडा पडलेला आहे, आणि बाघची लेणी अशाच वालुकाश्मात कोरलेली आहेत, तर आपली पांडवलेणी बेसाल्टात. संरक्षित स्मारकाच्या खडकाला हात लावायचा नसतो, हे वेगळे सांगायला नको. नमुना नदीच्या कापातून किंवा रस्त्याच्या कापातून, परवानगी घेऊन काढावा.

नमुना घेताना ताजा, म्हणजे ऊन-पावसाने विदारण (झीज) न झालेला भाग निवडावा, थराची वरची बाजू बाणाने दाखवावी आणि शक्यतो सगळे नमुने मध्यम वाळूच्या आकाराचे घ्यावेत, कारण कणांचा आकार बदलला की खनिजांचे प्रमाणही बदलते. त्याच वेळी वहीत थराची जाडी, तिरकस स्तरणाची (प्रवाहाने तिरपे रचलेल्या पातळ थरांची) दिशा, वर-खाली कोणते थर आहेत, जीवाश्म किंवा मुळांच्या खुणा आहेत का, हे लिहून घ्यावे. प्राचीन पर्यावरणाचा निम्म्याहून अधिक पुरावा या वहीत असतो. नुसती स्लाइड पाहून ‘हा नदीचा निक्षेप आहे’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

तिसरी पायरी : काप

हे काम जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात, तिथल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली शिकावे. हिऱ्याच्या पात्याने चिप कापून तिची एक बाजू कार्बोरंडमच्या भुकटीवर गुळगुळीत करतात, ती काचेला चिकटवतात आणि दुसरी बाजू घासत घासत जाडी ०.०३ मिलीमीटरपर्यंत आणतात. नमुना ठिसूळ असेल तर आधी निळा रंग मिसळलेली इपॉक्सी त्यात मुरवावी. त्यामुळे कण सुटत नाहीत आणि रंध्रे निळी दिसतात, म्हणजे खडकात मुळातच असलेली पोकळी आणि घासताना कण निघून पडलेला खड्डा यांत घोटाळा होत नाही. जाडी बरोबर आहे की नाही हे क्वार्ट्झ सांगते: क्रॉस्ड निकोलमध्ये, म्हणजे एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवणपट्ट्यांमधून पाहताना, ते करडे-पांढरे दिसले पाहिजे, पिवळे दिसत असेल तर काप अजून जाड आहे. घासणे पाण्यातच करावे, कारण सिलिकाची कोरडी धूळ फुप्फुसाला घातक असते. पोटॅश फेल्डस्पार पिवळे रंगवण्याची पद्धत अत्यंत उपयुक्त आहे, परंतु तिच्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते घरी किंवा एकट्याने कधीही हाताळू नये.

चौथी पायरी : बिंदुगणना

नजरेच्या अंदाजाने सांगितलेले प्रमाण कामाचे नसते. स्लाइड ठरावीक अंतराने सरकवत, भिंगातल्या तारांच्या छेदबिंदूखाली जे येईल त्याची नोंद करत किमान ३०० ते ४०० कण मोजावेत. दोन बिंदूंमधले अंतर सर्वांत मोठ्या कणापेक्षा जास्त ठेवावे, म्हणजे एकच कण दोनदा मोजला जात नाही.

मोजण्याआधी एक नियम पक्का करावा लागतो. ग्रॅनाइटच्या मोठ्या तुकड्यातल्या क्वार्ट्झवर छेदबिंदू आला तर नोंद क्वार्ट्झ करायची की खडककण? गाझी आणि डिकिन्सन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत, तुकड्याच्या आतला स्फटिक ०.०६२५ मिलीमीटरपेक्षा मोठा असेल तर त्याची नोंद त्या खनिजाखाली होते, लहान असेल तर खडककण म्हणून. कणाच्या आकाराचा निकालावर होणारा परिणाम त्यामुळे बराच कमी होतो. कसारा घाट आणि इगतपुरीच्या बाजूला मोठमोठे प्लॅजिओक्लेज स्फटिक असलेला बेसाल्ट आहे. त्याचा कण मोजताना बिंदू मोठ्या स्फटिकावर आला तर प्लॅजिओक्लेज आणि भोवतालच्या बारीक भागावर आला तर ज्वालामुखी खडककण, अशी नोंद होते. एका कणावर हे दोन्ही करून पाहिले की नियम कायमचा लक्षात राहतो.

समजा ४०० बिंदूंपैकी २३२ क्वार्ट्झ, १०८ फेल्डस्पार आणि ६० खडककण आले. म्हणजे ५८, २७ आणि १५ टक्के. वालुकाश्मांच्या फोक यांनी केलेल्या वर्गीकरणात क्वार्ट्झ ७५ टक्क्यांहून कमी आणि फेल्डस्पार खडककणांच्या १.८ पट, म्हणून हा लिथिक आर्कोज, म्हणजे फेल्डस्पारबहुल पण खडककणही बरेच असलेला वालुकाश्म, ठरतो. पण इथे थांबू नये. ४०० बिंदूंच्या गणनेत क्वार्ट्झच्या ५८ टक्क्यांवर सुमारे ५ टक्के इकडे-तिकडे एवढी अनिश्चितता राहते. आलेखावरचा तुमचा ठिपका प्रत्यक्षात एक छोटे वर्तुळ आहे, आणि ते दोन क्षेत्रांच्या सीमेवर पडत असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आणखी एक दक्षता: चर्टचे (अतिसूक्ष्म क्वार्ट्झच्या खडकाचे) कण फोक खडककणांत घेतात, तर डिकिन्सन यांच्या त्रिकोणात ते क्वार्ट्झच्या टोकाला जातात. कोणाचा नियम पाळला हे न सांगता दिलेले आकडे दुसऱ्याला वापरता येत नाहीत.

पाचवी पायरी : गाडले गेल्यानंतरचे बदल बाजूला काढणे

या पायरीला सर्वाधिक वेळ द्यावा. पहिला प्रश्न असा की कणांमध्ये जे बारीक द्रव्य दिसते ते खरोखर पाण्याबरोबर आलेला चिखल आहे का. हे बारीक द्रव्य, म्हणजे आधारक, १५ टक्क्यांहून जास्त असेल तर खडकाला वॅके म्हणतात आणि त्यावरून गढूळ, वेगाने साचलेल्या प्रवाहाचा अर्थ काढला जातो. परंतु शेल (चिखलाचा खडक) किंवा विदारित बेसाल्टचे मऊ कण वरच्या थरांच्या भाराखाली चेपून कठीण कणांच्या फटींत शिरतात आणि हुबेहूब आधारकासारखे दिसतात. अशा छद्म-आधारकात मूळ कणाची सीमा कुठे ना कुठे शिल्लक असते, शेजारच्या क्वार्ट्झच्या कोपऱ्याभोवती तो वाकलेला असतो, आणि असे पट्टे स्लाइडभर सारखे न पसरता कणाच्या आकाराच्या ठिगळांत येतात. गोदावरीच्या वाळूत ज्याने विदारित बेसाल्टचे मऊ कण पाहिले आहेत, त्याला हे चेपलेले रूप ओळखणे सोपे जाते.

दुसरा प्रश्न फेल्डस्पारचा. खोल थरांतल्या पाण्यात ते विरघळते किंवा त्याचे केओलिन हे चिकण खनिज होते, आणि मग खडक मुळात होता त्यापेक्षा जास्त क्वार्ट्झमय दिसतो. एखादे रंध्र भोवतालच्या कणांच्याच आकाराचे, आयताकृती आणि आत फेल्डस्पारची उरलेली जाळी असलेले दिसले, तर तिथे कण होता असे समजावे. केओलिनच्या पुस्तकाच्या पानांसारख्या रचलेल्या चकत्या कणाच्या आकाराच्या ठिगळात भरलेल्या असतील, तर तीही फेल्डस्पारचीच जागा असण्याचा संभव मोठा. अशा जागा वेगळ्या मोजाव्यात आणि निकाल दोन प्रकारे द्यावा, जसा आहे तसा आणि हरवलेले फेल्डस्पार धरून.

तिसरी बाब सिमेंटची. क्वार्ट्झच्या कणाभोवती त्याच दिशेने वाढलेले क्वार्ट्झ सिमेंट मूळ कणापासून वेगळे करायचे असेल तर धुळीची किंवा लोहाची बारीक रेघ शोधावी. ती मूळ कणाची कड असते. तीच गोलाई मोजायची, बाहेरची टोकदार कड नव्हे. कॅल्साइट सिमेंट असेल तर कण एकमेकांना कसे टेकले आहेत ते पाहावे. कण जवळजवळ तरंगत असतील तर सिमेंट लवकर, भार येण्यापूर्वी बसले. कणांची टोके एकमेकांत रुतलेली असतील तर खडक आधी दाबला गेला आणि सिमेंट नंतर आले. गंगापूर परिसरात गोदावरीच्या काठावर चुन्याने सांधलेले जुने वाळू-गोट्यांचे थर आहेत. लवकर बसलेले कॅल्साइट कसे दिसते हे तिथल्या तुकड्यावर अभ्यासावे. कॅल्साइट फक्त दोन कणांच्या सांध्याशी, आत वळलेल्या कडेने जमले असेल, तर ते भूजल पातळीच्या वर, अर्धवट भिजलेल्या वाळूत तयार झाले असे समजतात.

सहावी पायरी : संचयनाची जागा

पोत आणि जागीच तयार झालेली खनिजे यांवरून पर्यावरणाचा अंदाज बांधता येतो. हिरवे ग्लॉकोनाइटचे गोळे मुख्यतः सागरी, संथ संचयनाकडे बोट दाखवतात, पण ते जुन्या खडकातून झिजून आलेले तर नाहीत ना हे कडांवरून तपासावे. कणांवरचा हेमॅटाइटचा पातळ थर प्राणवायुयुक्त परिस्थिती दाखवतो. वनस्पतींचे काळे अवशेष आणि पायराइट प्राणवायूचा अभाव सुचवतात. कोळशाच्या थरांशी जोडलेल्या बराकर वालुकाश्मात त्यांची जरूर पाहणी करावी. अभ्रकाचे पत्रे मंद पाण्यात टिकतात, वाऱ्याच्या वाळूत ते जवळजवळ नसतात.

गोलाईबाबत मात्र घाई नको. भूशास्त्रज्ञ कुएनेन यांच्या १९५९–६० च्या प्रयोगांतून दिसले की नदीत क्वार्ट्झची वाळू फारच सावकाश झिजते, तर वाऱ्यात ती कितीतरी वेगाने गोल होते. म्हणून नदीच्या थरात सुबक गोल क्वार्ट्झ सापडले तर ‘लांबून आले’ असे न म्हणता, ते एखाद्या जुन्या वालुकाश्मातून किंवा वाळवंटी वाळूतून पुन्हा आलेले असावे असा विचार आधी करावा. एखाद्या गोल कणावर जुन्या सिमेंटचा झिजलेला तुकडा दिसला, तर पुनश्चक्रणाचा याहून चांगला पुरावा दुसरा नाही.

सातवी पायरी : हवामान, आणि मग उगम

उष्ण, दमट हवेत फेल्डस्पार आणि खडककण मातीत रूपांतरित होऊन जातात. ओरिनोकोच्या खोऱ्यातल्या सखल, पावसाळी भागात जुन्या स्फटिकी खडकांतून थेट निघालेली वाळूही जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झची असते, असे १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवले. त्यामुळे शुद्ध क्वार्ट्झचा वालुकाश्म पाहून लगेच अनेकदा फिरून आलेल्या वाळूचा निष्कर्ष काढता येत नाही. उलट, ताजे, धारदार फेल्डस्पार भरपूर असेल तर उतार तीव्र होता किंवा हवामान कोरडे अथवा अतिथंड होते.

एवढे झाल्यावर उगमाकडे वळावे. मायक्रोक्लीन या पोटॅश फेल्डस्पारची जाळीदार यमल (जोडस्फटिकी) रचना ग्रॅनाइट व नाइसकडे नेते. शिस्ट आणि स्लेट या रूपांतरित, म्हणजे उष्णता-दाबाने बदललेल्या, खडकांचे कण थेट साक्ष देतात. क्वार्ट्झच्या बाबतीत अभिजित बसू आणि सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेली पद्धत शिकावी: क्रॉस्ड निकोलमध्ये सूक्ष्मदर्शकाची स्टेज फिरवताना कण पूर्ण काळा व्हायला ५ अंशांहून जास्त फिरवावे लागते का, आणि बहुस्फटिकी कणात तीनपेक्षा जास्त स्फटिक आहेत का. कमी तापमानाच्या रूपांतरित खडकांतून आलेल्या क्वार्ट्झमध्ये या दोन्ही गोष्टी अधिक आढळतात. ज्वालामुखी क्वार्ट्झ स्वच्छ, एकदम काळे होणारे आणि कडेला खोल खाचा असलेले असते.

शेवटचा पडताळा जड खनिजांचा. २.८५ पेक्षा जास्त घनतेची खनिजे जड द्रवात वेगळी करतात. विषारी ब्रोमोफॉर्मऐवजी सोडियम पॉलिटंगस्टेट मागावे. कायनाइट, स्टॉरोलाइट आणि गार्नेट रूपांतरित प्रदेश सांगतात. झिरकॉन, टूर्मलीन आणि रुटाइल यांचीच बहुतेक भरती असेल तर वाळू फार परिपक्व आहे, किंवा बाकीची खनिजे गाडल्यानंतर विरघळली आहेत. यांतले कोणते खरे, हे ठरवण्यासाठी उरलेल्या कणांवर कुरतडल्याच्या खुणा आहेत का ते पाहून पाचव्या पायरीच्या नोंदींशी ताडावे.

अहवाल लिहिताना गणनेचे मूळ आकडे तक्त्यात द्यावेत, स्लाइड क्रमांक लावून जपून ठेवाव्यात, आणि उगमाचे प्रत्येक विधान क्षेत्रातल्या प्रवाहदिशेशी जुळते का ते लिहावे. क्वार्ट्झ-फेल्डस्पार सांगतात की ग्रॅनाइट, पण तिरकस स्तरण सांगते की पाणी ज्या दिशेने आले तिकडे आज ग्रॅनाइट दिसत नाही, अशी वेळ आली तर दोन्ही नोंदी तशाच ठेवून त्या दिशेला नव्या थरांखाली जुना पाया लपलेला आहे का, याचा भूशास्त्रीय नकाशावर शोध घ्यावा. महाराष्ट्रात तर असे नेहमीच घडू शकते, कारण जुन्या खडकांवर लाव्हाचे थर बसून आज फार मोठा प्रदेश झाकला गेला आहे.